किट तुमचं, हात दुसऱ्याचे: जोडणीची मजुरी किती द्यायची?

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, आकडेमोड तशीच ठेवली आहे.)

आज आवाजाबद्दल कमी आणि पैशांबद्दल जास्त बोलायचंय.

समजा तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरचं किट मागवलंत. किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत फिरून सुटे पार्ट गोळा केलेत. आयसी, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, सगळं घरी आलं. पण सोल्डरिंग जमत नाही, किंवा २३० व्होल्टला हात लावायची भीती वाटते. भीती वाटते ते चांगलंच आहे. मग कोणीतरी सांगतं, अमुक गल्लीत एक दादा आहेत, ते जोडून देतात. किंवा कॉलेजातला एक मित्र आहे, त्याचा हात चांगला आहे. तुम्ही खोकं घेऊन जाता आणि प्रश्न येतो: किती द्यायचे?

इथे दोन उत्तरं नेहमी ऐकू येतात. पहिलं: “अरे, सोल्डरिंगच तर आहे, दे दोनशे-तीनशे.” दुसरं: “तू म्हणशील तेवढे.” पहिल्यात समोरच्याचं नुकसान होतं. दुसऱ्यात दोघंही अवघडतात, तो मागायला लाजतो आणि तुम्ही द्यायला बिचकता. तर आज आपण हा आकडा रीतसर काढू. आणि तो कमी पडला की नेमकं काय कापलं जातं, तेही बघू. कारण ते तुमच्या जिवाशी येऊ शकतं.

पार्टच्या किमतीवर मजुरी ठरत नाही

बरेच जण असा हिशोब करतात: पार्ट सहा हजारांचे, मग दहा टक्के, म्हणजे सहाशे रुपये मजुरी. ऐकायला बरं वाटतं, पण याला काही अर्थ नाही.

आपण शिंप्याकडे कापड देतो तेव्हा काय होतं? कापड मीटरला दोनशेचं असो की दोन हजारांचं, साध्या शर्टाची शिलाई साधारण तीच राहते. गिरणीत दळण टाकलं तर दर किलोवर असतो, गव्हाच्या भावावर नसतो. इथेही तसंच आहे. वीस रुपयांचा कपॅसिटर असो की हजार रुपयांचा इंपोर्टेड, सोल्डरचे टाके दोनच.

उलट स्वस्त किटला कधीकधी जास्त वेळ जातो. सोबत नीट माहितीपत्रक नसतं, बोर्डवरची छपाई चुकलेली असते, भोकं लहान असतात, एखादा रेझिस्टर कमी निघतो. म्हणजे पार्ट स्वस्त आणि काम दुप्पट. टक्केवारी लावली तर त्या दादांना जास्त कामाचे कमी पैसे मिळतात.

शिंप्याची उपमा मात्र एका ठिकाणी थांबते. शिंप्याने हजारो शर्ट शिवलेत, म्हणून त्याच्याकडे ठरलेला दर आहे. तुमचं किट तो माणूस बहुतेक पहिल्यांदाच बघतोय. माहितीपत्रक वाचण्यापासून त्याची सुरुवात आहे. म्हणून इथे एकच माप चालतं, ते म्हणजे तास.

१९५९ सालचे तीस डॉलर

किट विकत घ्यायचं की जोडलेलं घ्यायचं, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ साली स्टिरिओ ७० नावाचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर काढला. प्रत्येक चॅनेलला ३५ वॅट. जुन्या ऑडिओवाल्यांमध्ये आजही त्याचं नाव निघतं. तो दोन प्रकारे मिळायचा. किट घेतलं तर ९९.९५ डॉलर आणि कारखान्यात जोडलेला घेतला तर १२९.९५ डॉलर. म्हणजे जोडणीचा फरक बरोब्बर तीस डॉलर.

तीस डॉलर म्हणजे किती? त्या वेळी अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन तासाला एक डॉलर होतं. म्हणजे हा फरक तीस तासांच्या किमान वेतनाएवढा झाला. एक अ‍ॅम्प्लिफायर जोडायला कारखान्यात तीस तास लागत नसणार, हे उघड आहे. पण त्या तीस डॉलरमध्ये नुसती कामगाराची मजुरी नव्हती. जागा, हत्यारं, टेस्टिंग, बिघडलेला पीस परत दुरुस्त करणं आणि कंपनीचा नफा, सगळं त्यात आलं.

यात अजून एक गंमत आहे. किटमधला सर्किट बोर्ड आधीच जोडून यायचा. घेणाऱ्याला ट्रान्सफॉर्मर, सॉकेट बसवायचे आणि वायरिंग करायचं. तरीही कंपनीने जोडणीचे किटच्या किमतीच्या जवळपास तीस टक्के लावले. आणि हे एकसारखे ढिगाने पीस काढणाऱ्या कारखान्यात, जिथे दिवसभर तेच काम करून हात बसलेला असतो. तुमच्या गल्लीतले दादा तुमचा एकच पीस जोडणार आहेत. एका पीसला कारखान्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे “कंपनी एवढ्यात देते, मग तुम्ही का नाही?” हा प्रश्नच चुकीचा आहे.

एक खरं काम, तास लावून

आता एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एलएम ३८८६ ही आयसी हौशी लोकांमध्ये खूप चालते. अकरा पायांची, हीटसिंकवर बसवायची. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर लावला तर साधारण अधिक-उणे २५ व्होल्ट डीसी मिळतात आणि ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे २५-३० वॅटच्या आसपास. घरातल्या खोलीला भरपूर. दोन चॅनेल, एक पॉवर सप्लाय, एक धातूचं कॅबिनेट, एवढं धरू.

सवयीच्या माणसाला लागणारा वेळ मी असा धरतो:

- पार्ट यादीशी ताडून, मोजून, वेगळे लावून ठेवणं: १ तास
- दोन चॅनेलचे बोर्ड सोल्डर करणं, साफ करणं, भिंगाखाली टाके बघणं: ३ तास
- पॉवर सप्लाय, म्हणजे ब्रिज रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर: १ तास
- कॅबिनेटला भोकं पाडणं, हीटसिंकला ड्रिल आणि टॅप, सगळं बसवणं: ३ तास
- वायरिंग, फ्यूज, स्विच, अर्थिंग: २ तास
- टेस्टिंग: २ तास

बेरीज झाली १२ तास. यादीत नीट बघा. ज्याला आपण “सोल्डरिंगच तर आहे” म्हणतो ते चारच तासांचं काम आहे. बाकीचे आठ तास आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

प्रत्येक किटला बारा तास लागतात असं नाही हं. टीपीए ३११६ सारखा तयार क्लास-डी बोर्ड असेल तर अडॅप्टर, व्हॉल्युम आणि स्पीकरच्या वायरी जोडल्या की झालं. दीड-दोन तासांत काम उरकतं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन तासांचा. म्हणून आधी यादी करायची, मग आकडा बोलायचा.

तासाचा दर कुठून आणायचा?

समजा त्याच कौशल्याच्या टेक्निशियनला नोकरीत महिना २५,००० रुपये पगार मिळाला असता. महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार केला की तासाला १२० रुपये.

पण थांबा, हा नोकरदाराचा दर आहे. त्याची खुर्ची, वीज, सोल्डरिंग स्टेशन, मल्टीमीटर, सगळं मालकाचं असतं. सुट्टीच्या दिवसाचाही पगार असतो. स्वतंत्र काम करणाऱ्याला सोल्डर, फ्लक्स, ड्रिलची पाती स्वतः आणावी लागतात. आज काम आहे, पुढचे चार दिवस नसेल. शिवाय तुमच्याशी फोनवर बोलण्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवण्यात जो वेळ जातो, तो कुठल्याच यादीत येत नाही. म्हणून साधा ठोकताळा असा: नोकरीचा तासाचा दर काढा आणि दुप्पट करा. १२० चे झाले २४०, सोयीसाठी २५० धरू.

१२ तास गुणिले २५० म्हणजे ३,००० रुपये.

आता उलटा हिशोब करा. तुम्ही त्याच कामाचे ५०० रुपये दिलेत, तर त्या माणसाला तासाला साधारण ४२ रुपये पडले. त्यातून वीज आणि सोल्डर वजा करायचंय. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातला पगार वेगळा असेल तर तो घाला. रीत तीच राहील.

पैसे कापले की काय कापलं जातं?

आता आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. माणूस कमी पैशांत काम घेतो तेव्हा तो सोल्डरिंग अर्धं सोडत नाही, कारण ते तुम्हाला दिसतं. कॅबिनेटही अर्धं सोडत नाही. मग तास वाचवणार कुठून? टेस्टिंगमधून. आवाज आला, गाणं वाजलं, घेऊन जा.

टेस्टिंगमध्ये नेमकं काय असतं ते ऐका, म्हणजे त्या दोन तासांची किंमत कळेल.

एक, वीज लावायच्या आधी मल्टीमीटर. एलएम ३८८६ च्या साध्या प्रकारात पाठीचा धातूचा पत्रा आतून उणे सप्लायला जोडलेला असतो. हीटसिंक आणि त्याच्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश लागतो. तो विसरला, फाटला, तर उणे सप्लाय थेट कॅबिनेटवर येतो. हे डोळ्यांनी दिसत नाही, मोजावंच लागतं.

दोन, सिरीज बल्ब. पहिल्यांदा वीज देताना मध्ये ६० किंवा १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. तसाच लख्ख पेटत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बने करंट अडवून धरला, म्हणून आतले पार्ट वाचले. आपल्याकडे प्रत्येक जुन्या रिपेअरिंगच्या दुकानात असा सिरीज बोर्ड भिंतीला लटकलेला असतो, तो यासाठीच.

तीन, स्पीकर लावायच्या आधी आउटपुटला डीसी व्होल्टेज मोजणं. काही मिलिव्होल्ट असतील तर चालतं. काही व्होल्ट निघाले तर स्पीकरची कॉइल जळू शकते.

चार, अर्थिंग. धातूचं कॅबिनेट तीन पिनी वायरच्या अर्थला घट्ट जोडलंय का? आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडायला पाहिजे. अर्थ नसेल तर ती वीज तुमच्या हाताची वाट बघत बसते.

पाच, आधी एखाद्या जुन्या, टाकाऊ स्पीकरवर तासभर वाजवून हीटसिंक किती तापतो ते बघणं. काही खराब टाके गरम झाल्यावरच बोलायला लागतात.

हे सगळं कापलं तरी पहिल्या दिवशी गाणं तेवढंच छान वाजतं. फरक कळतो तो नंतर. म्हणून पैसे ठरवताना टेस्टिंग वेगळं बोला, वेगळं लिहा आणि वेगळे पैसे द्या. “जोडणी एवढी, टेस्टिंग एवढं.” म्हणजे ते वगळायचं कारणच उरत नाही. आणि मोजलेले आकडे लिहून मागा: सप्लायचे व्होल्ट किती, दोन्ही चॅनेलचा डीसी किती. हे मागितलं म्हणून कोणी चांगला कारागीर रागावत नाही.

जळलं तर कोणाचं?

भांडणं इथेच होतात. म्हणून आधीच ठरवा. मला पटणारी वाटणी अशी:

पार्ट तुम्ही आणलेत, तर पार्टची जबाबदारी तुमची. बाजारात नकली आयसी भरपूर आहेत. वर छापलेला नंबर बरोबर आणि आत भलतंच. ती पहिल्याच दिवशी गेली तर जोडणाऱ्याचा दोष नाही. ती शोधून काढायला आणि बदलायला लागलेल्या तासांचेही पैसे द्यायला हवेत.

हात त्याचा, तर हातची चूक त्याची. कपॅसिटर उलटा लावला, अभ्रक विसरला, चुकीच्या जागी रेझिस्टर गेला, तर नवा पार्ट आणि परत केलेलं काम त्याच्या खिशातून.

पार्टही त्यानेच आणायचे असतील, तर दोन्ही जबाबदाऱ्या त्याच्या. मग पार्टच्या किमतीवर तो थोडा वरचा नफा घेईल. त्याला लूट म्हणू नका. जोखमीची किंमत आहे ती.

आणि काम झाल्यावर, समजा, तीन महिने टाके आणि वायरिंगची हमी. तुम्ही ८ ओहमच्या जागी दोन-तीन स्पीकर समांतर लावून रात्रभर वरात वाजवलीत, तर ते हमीत येत नाही.

बोलणी कशी करायची?

तासाचा दर ठरवला तरी “किती तास लागतील देव जाणे” अशी धास्ती तुम्हाला असते. आणि ठोक रक्कम ठरवली तर किटमध्ये घोळ निघाल्यावर तो अडकतो. मधला मार्ग म्हणजे अंदाज आणि वरची मर्यादा. त्यासाठी एक साधा मेसेज पुरतो. असा काहीतरी:

“दादा, एलएम ३८८६ स्टिरिओ किट, पार्ट माझे. जोडणी अंदाजे १० तास, टेस्टिंग २ तास, तासाला २५०. एकूण ३,०००. काही अडचण निघून ३,५०० च्या वर जाणार असेल तर आधी फोन करा, मग ठरवू. निम्मे आज पाठवतो, निम्मे आकडे मोजून दाखवल्यावर. तुमच्या हातून पार्ट गेला तर तुमचा, पार्टच खराब निघाला तर माझा. टाक्यांची हमी तीन महिने. चालेल ना?”

एवढ्या ओळींनी मैत्री तुटत नाही. हे न लिहिल्यामुळे मात्र तुटते.

“तुला शिकायला मिळेल”

जोडणारा मित्र असेल, आयटीआय किंवा डिप्लोमा करणारा पोरगा असेल, तर आपण पटकन म्हणतो, “तुला शिकायला मिळेल की!” शिकणं हा त्याचा फायदा आहे, तुमची सूट नाही. तो नवखा असेल तर त्याला बाराऐवजी वीस तास लागतील. त्या जास्तीच्या आठ तासांचे पैसे तुम्ही द्यावेत असं नाही, ते त्याचं शिक्षण आहे. पण बारा तासांचे तरी द्या. आणि २३० व्होल्टची बाजू एखाद्या अनुभवी माणसाने तपासलीच पाहिजे, मैत्री कितीही असो.

अदलाबदलही चालते. त्याने तुमचा अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तुम्ही त्याच्या दुकानाचे फोटो काढून दिलेत. फक्त तासाला तास मोजा. बारा तासांच्या कामाला एक मिसळ पाव ही अदलाबदल झाली नाही.

आणि तुम्हीच जोडून देणारे असाल तर? मग वही ठेवा. प्रत्येक कामाचे तास लिहा. चार किट झाली की तुमचा खरा वेळ कळतो आणि दर सांगताना आवाज कापत नाही. अजून एक गोष्ट. अमेरिकेतल्या नेल्सन पास यांच्यासारख्या काही डिझायनरांनी हौशी लोकांसाठी आपली सर्किट खुली केली आहेत. कोणाला एक पीस जोडून देणं वेगळं आणि तेच सर्किट वापरून पन्नास पीस बाजारात विकणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर मूळ माणसाची परवानगी विचारा. त्याचीही मजुरी असते.

तीन हजार जास्त वाटले तर?

वाटू शकतात. तेव्हा दर पाडण्यापेक्षा काम कमी करा. पार्ट तुम्हीच यादीशी ताडून, पुड्यांवर नावं लिहून द्या, तास वाचला. कॅबिनेटची भोकं स्वतः पाडा, किंवा तयार पाडलेलं कॅबिनेट घ्या, दोन-तीन तास वाचले. छोटे रेझिस्टर सोल्डर करायला शिका. चुकलात तर तो दुरुस्त करायला आहेच. पण विजेची बाजू आणि टेस्टिंग त्याच्याकडेच ठेवा.

तरीही जमत नसेल, तर सरळ तयार अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्या. यात काही कमीपणा नाही. किट स्वस्त दिसतं, कारण त्याच्या किमतीत जोडणाऱ्याचे हात धरलेलेच नसतात. स्वतः जोडलंत तर ते बारा तास तुमचे जातात आणि आनंदही तुमचाच. दुसऱ्याने जोडलं तर तास त्याचे, मग पैसेही त्याचेच.

या आठवड्यात एवढं करा. तुमच्याकडे पडून असलेल्या किटची तासांची यादी बनवा, मी वर दिली तशी. आणि ज्यांच्याकडून काम करून घेणार आहात, त्यांनाच ती दाखवून विचारा, “यात काय राहिलं?” ते दोन-तीन गोष्टी नक्की वाढवतील. तो तुमचा खरा आकडा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि आवाज जरा बेतानेच ठेवा!